राळ न लावलेला गज

मित्रांनो, माझे बोलणे अडखळत झाले तर सांभाळून घ्या. आजवर दुसऱ्याने वाजवले तेव्हाच मी बोलले आहे. आपण होऊन तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ, आणि मी सांगणार आहे ते सांगावे की नाही, याचा विचार करण्यातच पुष्कळ दिवस गेले.

मी एक जुने, अर्ध्या मापाचे व्हायोलिन आहे. अर्ध्या मापाचे म्हणजे अर्धवट नव्हे. सात-आठ वर्षांच्या मुलांचा हात मोठ्या व्हायोलिनच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्यांच्यासाठी माझ्यासारखी लहान व्हायोलिने मुद्दाम घडवतात. तरी मला पाहून मोठी माणसे "बाकीचं कुठे राहिलं?" असे विचारतात आणि स्वतःच हसतात.

माझा जन्म एका कारागिराच्या खोलीत झाला. खोलीला एकच खिडकी होती, खिडकीखाली बाक, बाकावर रंधे, पटाशा आणि सरसाचे भांडे. मोठ्या व्हायोलिनांतून उरलेले चांगले लाकूड फेकून द्यायला त्याचे मन होईना, म्हणून त्याने त्यातून मला केले. पोट मऊ लाकडाचे, पाठ कठीण लाकडाची, आत पेन्सिलीएवढा एक खुंट उभा, आणि तारा उचलून धरणारी पातळ घोडी. मला रंग देऊन खिडकीत वाळत टांगले, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "अहो, हे काय, धुतल्यावर आटलं का?"

तो हसला नाही. मी वाळल्यावर त्याने तारा चढवल्या, मला हनुवटीखाली धरले, थोडे वाजवले आणि म्हणाला, "आटलं असेल, पण रंग गेलेला नाही."

ही माझी पहिली स्तुती. ती स्तुती होती की बायकोला दिलेला नुसता टोला, हे मला अजून नक्की ठरवता आलेले नाही.

पुढची गोष्ट समजण्यासाठी तुम्हाला एक छोटी माहिती हवी. ज्या काठीने मला वाजवतात तिला गज म्हणतात. गजावर घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. ते केस मुळात गुळगुळीत असतात. साबण लावलेल्या ताटलीवरून बोट घसरावे तसे ते तारेवरून घसरतात, आणि आवाज काही निघत नाही. म्हणून केसांवर राळ घासतात. राळ म्हणजे झाडाच्या चिकाची, मधाच्या रंगाची, काचेसारखी दिसणारी वडी. ती घासली की केस तारेला धरतात, तार थरथरते आणि मी बोलते. राळ नसेल तर जगातला कितीही मोठा वादक येऊ दे, माझ्यातून जरासे फुसफुसण्यापलीकडे काही यायचे नाही. एवढे लक्षात ठेवा.

मला एका शाळेने घेतले. संगीताच्या खोलीत माझी पेटी खालच्या फळीवर असे, आणि जे मूल शिकत असेल त्याने मला घरी न्यायचे, अशी पद्धत होती. किती मुलांच्या हनुवट्या माझ्यावर टेकल्या ते आता आठवत नाही. प्रत्येक जण दीड-दोन वर्षांत वाढला, मोठ्या व्हायोलिनकडे गेला आणि मला परत फळीवर ठेवून गेला. मला त्याचे वाईट वाटे, पण राग कधी आला नाही. मुलाने वाढणे ही काही फसवणूक नव्हे.

त्या सगळ्यांत एक मुलगा माझ्या फार जवळचा होता. वर्गात तो सर्वांत बुटका, म्हणून त्याला टिल्लू म्हणत. इतरांना सराव करायला आई बसवी. टिल्लूला सराव थांबव म्हणून आई ओरडे. तो माझ्या पोटाच्या भोकांतून आत डोकावून विचारायचा, "कोण आहे रे?" आणि आपणच जाड आवाज काढून उत्तर द्यायचा, "मी आहे, मी." तीन वर्षे त्याने मला सोडले नाही. त्याचे कोपर पार पुढे जाऊ लागले, तेव्हा आई म्हणाली, "अरे, बघ जरा आरशात. दात घासायचा ब्रश धरल्यासारखा दिसतोयस!" तो रडला. मला पेटीत ठेवताना म्हणाला, "मी येईन परत." असे सगळेच म्हणतात. मी ते मनावर घेतले नाही.

नंतर शाळेत संगीत शिकवायला कोणी उरले नाही. माझी पेटी कपाटात गेली, आणि कपाटासमोर नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या राहिल्या. माझ्या तारा सैल पडल्या. घोडी आडवी झाली. गजाचे केस किड्यांनी खाल्ले. पेटीच्या अस्तराला वास येऊ लागला. किती वर्षे गेली कोण जाणे. अंधारात मोजायचे तरी काय?

आणि एके दिवशी नकाशे बाजूला झाले, पेटीच्या कड्या निघाल्या, आणि चष्मा लावलेला एक माणूस माझ्या पोटातल्या भोकांतून आत डोकावून हलकेच म्हणाला, "कोण आहे रे?"

टिल्लू संगीताचा शिक्षक होऊन आला होता.

त्याने दुरुस्तीवाल्या काकांना बोलावले. हे काका शहरातल्या सगळ्या शाळांची वाद्ये वर्षातून एकदा तपासून जात. आतला खुंट हलला होता तो त्यांनी वाकड्या तारेने सरळ केला, नवी घोडी बसवली, गजाला नवे केस लावले. मी पुन्हा बोलू लागले. आता त्याला टिल्लू म्हणणे बरे दिसत नाही. मुलांप्रमाणे मीही सर म्हणते.

सरांनी एक छान पद्धत सुरू केली. तिसरीच्या मुलांसाठी निवडीचा दिवस. टेबलांवर वाद्ये मांडलेली: ट्रम्पेट, ड्रम, प्लास्टिकच्या बासऱ्या, आणि शेवटच्या टेबलावर मी. शाळेत माझ्यासारखी आणखी पाच व्हायोलिने आली होती, पण मुलांना हाताळायला द्यायचे ते मलाच. प्रत्येक मुलाने प्रत्येक वाद्य पाच मिनिटे वाजवून पाहायचे आणि आपले पहिले वाद्य स्वतः निवडायचे. सर खुर्ची उलटी फिरवून, मुलांकडे पाठ करून बसत. एका आईने कारण विचारले तेव्हा म्हणाले, "चेहरा दिसला की आपण आपल्याच मनाचं ठरवतो हो. मला नुसतं ऐकायचंय." चकाकते म्हणून ट्रम्पेटकडे धावणाऱ्याला ते म्हणत, "बाकीचीही हातात घे, मग ठरव." मैत्रिणीने बासरी घेतली म्हणून बासरी मागणारीला विचारत, "आणि मैत्रीण उद्या दुसऱ्या शाळेत गेली तर?" मला त्यांचा अभिमान वाटे.

एका वर्षी सहा मुलांनी व्हायोलिन निवडले. मला वाटले, भाग्य उजळले. पण, मित्रांनो, व्हायोलिन सावकाश येते. ड्रम दोन महिन्यांत जमतो, ट्रम्पेट सहा महिन्यांत गाणे ओळखू येईल इतके वाजते. मी पहिले वर्षभर नुसती कुरकुर करते. वार्षिक कार्यक्रमात आम्ही सहा जणांनी जे काही केले, ते ऐकून पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. मागून कोणी तरी म्याँव केले. सभागृह हसत सुटले. सरांची मान मला शेजारून दिसत होती, ती लाल झाली होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई संगीताच्या खोलीत आल्या. "सर, पुढच्या वर्षी हे मांजर नको बाई," त्या म्हणाल्या. "ट्रम्पेट घ्या, ड्रम घ्या. लोकांना काही तरी ऐकल्यासारखं वाटू दे."

"पण मुलांनी स्वतःहून मागितलं तर नाही कसं म्हणू?"

"ते तुम्ही बघा. तुम्हीच तर म्हणता ना, मुलं आपलं आपण ठरवतात?"

त्यापुढच्या निवडीच्या दिवशी माझ्या शेजारी नवा गज होता. त्याचे केस पांढरेशुभ्र, एकही डाग नसलेले. जुना गज राळेने पिवळट, धुळकट दिसे. हा मुलांना फार आवडला. पहिल्या मुलाने तो माझ्यावर ओढला आणि काहीच झाले नाही. दुसऱ्याने ओढला, काही नाही. मला समजले, याला राळच लावलेली नाही. वाटले, घाईत राहून गेले. आता सर उठतील, आता वडी काढतील. सर पाठ करून बसले होते. "सर, आवाजच येत नाही," मुले म्हणत. "हं. मग दुसरं बघ," सर म्हणत. मुले हिरमुसून पुढच्या टेबलावर जात, ट्रम्पेटमधून एक भोंगा निघाला की खूश होत, आणि व्हायोलिनच्या खाली एकाचेही नाव लागले नाही.

तरीही मी सरांच्या बाजूने कारणे शोधली. माणूस विसरतो. कामे फार असतात. कदाचित नव्या गजाला राळ लागत नसेल, मला काय कळते? मी लाकूड.

शाळा सुटल्यावर सरांनी दार लोटले, कपाटातून जुना, पिवळट गज काढला, त्यावर राळेची वडी आठ-दहा वेळा नीट घासली आणि मला वाजवले. मोठ्या बोटांनी, अवघडून, पण किती सुंदर! आणि मी वाजले. तेव्हा मला कळले की ते काहीच विसरले नव्हते.

मित्रांनो, मला रुसता येत नाही. राळ लावलेला गज ओढला की मला बोलावेच लागते, मग तो कोणाच्याही हातात असो. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली. नाही म्हणायचे होते सरांना, आणि ते त्यांनी माझ्या आडून मुलांच्या तोंडून वदवून घेतले. आता पाठ करून बसणे ऐकण्यासाठी नव्हते. चेहरे पाहावे लागू नयेत म्हणून होते. ही माझी समजूत चुकीची असेल, तर बरेच होईल.

असे तीन वर्षे चालले.

तिसऱ्या वर्षी ती मुलगी आली. ती डाव्या हाताने लिही, म्हणून वर्गात तिला डावरी म्हणत. तिची आई शिवणाच्या दुकानात कामाला होती, तिला न्यायला उशीर होई. तोवर डावरी दप्तर मांडीवर घेऊन संगीताच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसे. आत सर मला वाजवत असत. आदल्या वर्षभर तिने मला जवळजवळ रोज ऐकले होते. एकदा तर दारातून डोके आत घालून तिने विचारले, "सर, हे मोठं झाल्यावर मिळतं का?"

"तिसरीत गेलीस की निवडीच्या दिवशी ये," सर म्हणाले होते. सहज, हसून.

ती सरळ माझ्या टेबलाशी आली. तळहात फ्रॉकला पुसले. मला बरोबर धरले, कारण कसे धरतात ते तिने वर्षभर दाराच्या फटीतून पाहिले होते. पांढरा गज ओढला.

काही नाही.

पुन्हा ओढला. मग आणखी हळू. मग डोळे मिटून.

"सर, आवाज येत नाहीये."

"जोर नको लावूस." सरांची पाठच बोलली.

"नाही लावत. पण तुम्ही वाजवता तेव्हा तर येतो! मी ऐकलाय."

रांगेतून कोणी ओरडले, "ए डावरे, आटप की! आमचा पण नंबर आहे."

सरांची खुर्ची करकरली. वाटले, आता तरी वळतील. "तू डावरी ना," ते म्हणाले. "गज उजव्या हातानं धरावा लागतो. काहींच्या हाताला नाही जमत. वाईट नाही वाटून घ्यायचं. ट्रम्पेट बघ, छान आहे."

तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले, मग डाव्या. मला दोन्ही हातांनी टेबलावर ठेवले आणि माझ्या भोकांशी तोंड आणून पुटपुटली, "सॉरी हं."

मला म्हणाली. मला! माझ्या जागी माणूस असता, तर तो तिथेच ओरडला असता. मी गप्प राहिले, कारण मला गप्प ठेवले होते.

पुढच्या आठवड्यात दुरुस्तीवाले काका आले. आता थकले होते, बसताना गुडघ्यांवर हात ठेवून "आई गं" म्हणत. वाद्ये तपासता तपासता त्यांनी विचारले, "मास्तर, यंदा व्हायोलिनला किती पोरं?"

"नाही कोणी."

"गेल्या वर्षीही नव्हतं. त्याच्या आधीही नव्हतं. बिघडलं की काय हे?" असे म्हणत त्यांनी मला उचलले. नेमकी त्याच वेळी डावरी दारात आली. तिच्या ट्रम्पेटचे एक बटण खाली जाऊन अडकले होते.

"सर, हे वर येत नाही."

"ठेव तिथे. काका बघतील," सर घाईने म्हणाले. "तू जा वर्गात."

पण ती गेली नाही. काकांच्या हातात मी होते. काकांनी टेबलावरचा पांढरा गज घेतला, सवयीने माझ्यावर ओढला. काही नाही. पुन्हा ओढला.

डावरी पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, काकांची. "काका, तुम्हालाही जमत नाही?"

काकांनी गजाच्या केसांवरून नख फिरवले. नख उजेडात धरून पाहिले. मग सरांकडे पाहिले.

"मला जमत नाही होय?" ते सावकाश म्हणाले. "पोरी, हा गज कुणालाच जमायचा नाही. याला राळेचा कणही लागलेला नाही."

"राहून गेली असेल लावायची," सर म्हणाले.

"केस बसवून दिले त्याला तीन वर्षं झाली, मास्तर. मीच दिले होते बसवून."

काकांनी पिशवीतून आपली वडी काढली, गजावर बराच वेळ घासली, वरची पांढरी पूड फुंकली, आणि गज डावरीपुढे धरला. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको. माझा हात तसला नाही. सर म्हणाले."

"अगं, तारांवर बोटं ठेवायची ती डाव्या हाताची. अवघड काम सगळं त्याच हाताला."

तिने काकांकडे पाहिलेच नाही. ती सरांकडे पाहत होती. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

सरांना अजूनही नाही म्हणता आले असते. ते खुर्चीत बसले. या वेळी तिच्याकडे तोंड करून. "हो," ते म्हणाले.

"मुद्दाम?"

"हो. बाईंना व्हायोलिन नको होतं, आणि मला तुम्हा मुलांना नाही म्हणवत नव्हतं. म्हणून मी... चुकलं माझं."

"म्हणून आम्हालाच नाही म्हणायला लावलं," ती म्हणाली. विचारत नव्हती. गणिताचे उत्तर लिहावे तसे म्हणाली. मग तिने गज घेतला, मला खांद्यावर घेतले आणि ओढला.

फार वाईट आवाज आला, मित्रांनो. गंजलेल्या बिजागरीसारखा. पण तो आला. ती दचकली, आणि मग इतकी हसली की मी हनुवटीखालून निसटता निसटता राहिले. सरही हसू लागले आणि हात पुढे करून म्हणाले, "दे, कसा धरायचा ते दाखवतो."

तिचे हसू थांबले. गज तिने आपल्याकडे ओढून घेतला. "शिकेन मी तुमच्याकडे," ती म्हणाली, "पण राळ मीच लावणार. रोज. आणि हा गज तुम्ही नाही धरायचा."

या गोष्टीला चार महिने झाले. ती रोज येते. आधी वडी घासते, मग नखाने केस तपासते, मगच मला उचलते. सर चांगले शिकवतात, हे कबूल करायला हवे. कधी चुकून त्यांचा हात गजाकडे जातो, आणि ते तो मागे घेतात. बाईंना त्यांनी काय सांगितले ते मला ठाऊक नाही. मी पेटीत होते. शाळा सुटल्यावर ते आता मला वाजवत नाहीत. मी त्यांना क्षमा केली का, असे तुम्ही विचाराल. मला ते अजून ठरवता आलेले नाही. ज्याने मला अंधारातून काढले, त्यानेच मला मुलांशी खोटे बोलायला लावले. या दोन गोष्टी माझ्या पोटात शेजारी शेजारी राहतात.

तुम्ही पहिले वाद्य निवडायला जाल, तेव्हा एवढे करा. आवाज आला नाही तर लगेच मान खाली घालू नका. मोठ्या माणसाला सांगा, "हेच वाद्य, याच गजानं, आधी तुम्ही वाजवून दाखवा." वाद्य जपा, गजाच्या केसांना तेलकट बोटे लावू नका, हे तर आहेच. पण आधी एकदा तपासून घ्या, आणि त्याची लाज वाटू देऊ नका.

राहिली ती मधल्या तीन वर्षांतली बाकीची मुले. त्यांना कोणीच काही सांगितले नाही. काही आता दुसऱ्या शाळेत गेली असतील. आपल्या हातांत संगीत नाही असे घरी सांगून मोकळी झाली असतील. त्यांच्यासाठीच मी आज बोलले. तुमच्यापैकी कोणी तिसरीत असताना शेवटच्या टेबलावरचे एक जुने, लहान व्हायोलिन उचलले होते का? पांढराशुभ्र गज हळूच ओढला होता का, आणि काहीच ऐकू आले नव्हते का? मी ओळखते तुम्हाला. तुमचा हात अगदी बरोबर होता.